फळ्यावरचा ‘अजून न्हाई’चा कोपरा

शरणप्पा सर पहिल्यांदा आमच्या वर्गात आले, तेव्हा त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि मधोमध रेघ मारून त्याचे दोन तुकडे केले. एकीकडे ‘शरण’, दुसरीकडे ‘अप्पा’. म्हणाले, “हा मूळ शब्द, आन् हे त्याचं शेपूट. शेपटाला इंग्रजीत सफिक्स म्हणत्यात. तोंडाकडून जोडलं की ते प्रीफिक्स. एवढं कळलं की अर्धी इंग्रजी खिशात.” उदगीरजवळच्या आमच्या गावात इंग्रजीचे मास्तर टिकत नसत. हे तर नुकतेच बी. ए. झालेले, उदगीरच्या एका किराणा दुकानदाराचे चिरंजीव, अंगानं काडी. माझ्या शेजारी बसणारी महानंदा माझ्या कानात पुटपुटली, “हे बी दिवाळीपर्यंतच गं.” आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांचा मुक्काम अजूनही त्याच गावात आहे. त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमासाठी त्यांच्यावर लिहायला मला सांगितलं, याचा अभिमान आहेच. पण हे लिहिताना मन भरून येतं ते नुसत्या आनंदानं नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

सरांची करामत अशी की निजामाच्या राजवटीनं आमच्या बोलीत जे उर्दू शब्द मागे ठेवले, ते त्यांनी थेट इंग्रजीच्या कामाला जुंपले. बेइमान, बेफिकीर, बेकायदा यांतला ‘बे’ म्हणजे इंग्रजांचा ‘अन’. दुकानदार, फौजदार यांतला ‘दार’ म्हणजे टीचर, फार्मर यांतला ‘अर’. चांगुलपणातला ‘पणा’ म्हणजे गुडनेसमधला ‘नेस’. “इंग्रज आपल्यासारखंच बोलतोय रे, नुसतं तोंड वाकडं करून,” असं ते म्हणत. ज्या पोरांना इंग्रजीच्या तासाला ताप भरायचा, ती पोरं गुरं चारताना शब्द जोडू लागली.

यात फजितीही व्हायची. आमच्याकडे ‘ण’चा उच्चार ‘न’ होतो, त्यामुळे सण हा आमच्या तोंडी सन. एके दिवशी महानंदा उभी राहिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, “सर, मग बेसन म्हंजे सन नसलेलं का? पर दिवाळीला तर बेसनाचेच लाडू करत्यात की!” सर आधी थबकले, मग टेबलाला धरून इतके हसले की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. “अय्यो शिवा, हिच्यापुढं मी हरलो,” असं त्यांनी कबूल केलं. तेव्हापासून महानंदा त्यांची लाडकी. हुशार तर ती होतीच. मॅट्रिकला ही पोरगी गावाचं नाव काढणार, असं सर उघड म्हणत, आणि मला तिचा राग यायचा, कारण मी दुसरी होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी बुडाला गेल्या, जनावरं बाजाराला निघाली, आणि गावचं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागलं. वर्ग विरळ होत चालला. सर रविवारी त्या कामावर जायचे. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटायची वेळ झाली की पोरांना बाभळीखाली बसवत आणि खडीचेच खडे मांडून शब्द शिकवत. मधला मोठा दगड मूळ शब्द, पुढं बारका खडा, मागं बारका खडा. मुकादम कुरकुरला तर त्याला म्हणत, “तुमचीच खडी हाय, परत देतो की!”

एका सकाळी वर्गात ‘लेस’ हा प्रत्यय चालला होता. सरांनी होपलेस, केअरलेस सांगितलं आणि म्हणाले, आता तुम्ही जोडा. तेव्हा काय शोधायची गरज होती? वॉटरलेस, रेनलेस, काऊलेस! पोरं ओरडून ओरडून सांगत होती. महानंदा सगळ्यांत शेवटी म्हणाली, “स्कूललेस.”

सर सहज बोलून गेले, “असा शब्द न्हाई.”

“न्हाई कसा सर?” ती म्हणाली. “उद्यापासून मी हायच की.”

वर्ग हसला. मीही हसले. सरही हसले असावेत. बेसनवाली पोरगी, काहीतरी विनोदच करत असणार. दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी. सर मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेले, तर कडीला तार गुंडाळलेली. आईबाप पोरांना घेऊन कामाच्या मागं निघून गेले होते. कुठं, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. कुणी हैदराबाद सांगे, कुणी नांदेडकडचं रेल्वेचं काम. सरांनी दोन्हीकडे चौकशी करून पाहिली. काही हाती लागलं नाही.

त्या दिवसापासून सरांनी कुठल्याही विद्यार्थ्याला ‘असा शब्द नाही’ असं म्हटलं नाही. फळ्याचा उजवा कोपरा चौकट आखून त्यांनी राखून ठेवला. पोरांनी मनानं जोडलेला शब्द तिथं लिहायचा आणि म्हणायचं, “अजून न्हाई.” एकदा एकानं टीचरचं स्त्रीलिंग ‘टीचरीण’ केलं. तपासणीला आलेले साहेब संतापले, हा काय गावंढळपणा म्हणून. सर शांतपणे म्हणाले, “अजून न्हाई साहेब. पर मास्तरीण झाली, डॉक्टरीण झाली, मग हिचंच काय अडलंय?” साहेब पुढच्या वर्गाकडे निघाले. पोरांना ती गंमत वाटायची. तो कोपरा कुणासाठी आहे, हे वर्गात मला एकटीला उमगलं होतं.

माझ्या वडिलांनीही त्याच उन्हाळ्यात मला शाळेतून काढायचं ठरवलं होतं. सर संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला नाही, फार बोललेही नाहीत. “एक गेली दादा. हिला न्हाई जाऊ देणार,” एवढंच म्हणाले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. मी पुढे नांदेडला इंग्रजीची शिक्षिका झाले, ती त्या ओट्यावरच्या संध्याकाळमुळे. म्हणजे खरं तर महानंदामुळे. हे मनातून कधी गेलं नाही.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या शाळा. इंग्रजी येणाऱ्या माणसाला एकदम भाव आला. शहरातल्या एका मोठ्या शाळेनं सरांना मानानं बोलावलं. पगार जास्त, राहायला घर, मुलांच्या शिक्षणाची सोय. सरांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, भांडी बांधायलाही काढली होती. सर गेले नाहीत. गावात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, काकूंनी कितीतरी दिवस अबोला धरला. मी एकदा न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, “ती आली तर कुठं यील गं? तिला ठाऊक असलेला पत्ता ह्योच.” जिल्हा बदलला, सर तिथंच राहिले. शब्द फोडून शिकवायची त्यांची ती पद्धत शहरातल्या हजारो पोरांपर्यंत गेली असती, त्यांचं नाव झालं असतं. ते झालं नाही, याची चुटपुट आम्हा सगळ्यांनाच आहे आणि राहील.

मागच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला मी किनवटला गेले. पंगतीत माझ्या शेजारी एक पिकल्या केसांची बाई नातीला घेऊन बसली होती. पानात बेसनाचा लाडू पडला, तशी ती नातीला म्हणाली, “खा माय, सन नसलेलं हाय.” मी म्हटलं, “महानंदा?” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “सर हायत का?”

जेवण तसंच ठेवून आम्ही मांडवाबाहेर बसलो. रेल्वेच्या कामावर आई वारली, मग धाकट्या भावंडांना सांभाळणं, मग लग्न. शाळा पुन्हा नाहीच. मी तिला फळ्याच्या कोपऱ्याचं सांगितलं. सर इतकी वर्षं त्या एका वाक्यासाठी स्वतःला खात आहेत, हे सांगितलं. ती चकितच झाली. “येडे का काय सर?” ती म्हणाली. “मला तर लई बरं वाटलं होतं. सर म्हणले असा शब्द न्हाई, म्हंजे असं माणूस बी नसतंय. चार म्हयन्यांनी माघारी जायाचं, असंच धरून चालले होते मी.”

परत आल्यावर मी धावत सरांकडे गेले. वाटलं, एवढ्या वर्षांचं ओझं आज उतरेल. सरांनी सगळं डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.” मी म्हटलं, हो सर. “मग तर लईच वाईट झालं गं,” ते म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसत बसले. काकूंनी आतून पाणी आणून त्यांच्या हातात दिलं.

पाणी पिऊन सर म्हणाले, “कार्यक्रमाला यील का ती?” महानंदा येणार आहे. नातीला घेऊन येणार आहे, पहिल्या रांगेत बसणार आहे. गेलेली शाळा काही कुठला प्रत्यय जोडून परत येत नाही, हे आम्हा तिघांनाही कळतं. पण सर, तुमच्या पत्त्यावर ती शेवटी येतेच आहे. तेव्हा आता तब्येत सांभाळा, काकूंचं ऐका, रोज गावाच्या वेशीपर्यंत चालत जा. आणि आणखी पुष्कळ वर्षांनी जो न्यायला यायचा तो कधी दाराशी आलाच, तर त्यालाही आम्हाला दिलंत तेच उत्तर द्या: “अजून न्हाई.”