दोन गुडघे

बेंबळीच्या बंडप्पाचा गुडघा मोट हाकताना गेला. विहिरीच्या उतरत्या धावेवरून बैल मागं रेटताना त्याचा पाय दगडांच्या फटीत अडकला आणि अंग मात्र धक्क्यानं गर्रकन फिरलं. आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. हाडवैद्यानं चोळून, पाला बांधून दोन हंगाम घालवले. सूज उतरली, पण चालता चालता गुडघा निसटायचा आणि बंडप्पा भर रस्त्यात कोसळायचा.

शेवटी बायकोनं, नीलम्मानं, त्याला बैलगाडीत घालून सोलापूरच्या इस्पितळात नेलं. शेजारच्या खाटेवर येडशीचा उत्तरेश्वर होता, विशीतला पैलवान. त्याचा गुडघा नुकताच आखाड्यात गेला होता.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच समजावलं. "हाडाला हाड बांधणारा आतला दोर तुटलाय. एक तर तुटकी टोकं टाके घालून जोडायची. जखम लहान, लवकर घरी जाल. पण टाके कधी उसवतील सांगता येत नाही. नाहीतर मांडीतली चिवट पट्टी काढायची आणि हाडांना भोकं पाडून त्यातून ओवायची. ती जास्त टिकावी. पण चिरफाड मोठी. पू झाला तर जिवावर बेतेल, आणि पाय पुन्हा पुरता वाकेल याची खात्री नाही."

"सायब, तुमच्या भावाचा पाय असता तर?" नीलम्मानं विचारलं.

डॉक्टरांनी बंडप्पाकडं बोट केलं. "यांची टोकं एव्हाना आक्रसली असतील. यांना पट्टीच बरी. पैलवानाचं मात्र मला छातीठोक सांगता येत नाही."

उत्तरेश्वरनं टाके घेतले, बंडप्पानं पट्टी. "अण्णा, दसऱ्याला कुस्ती धरतो का न्हाय बगा," म्हणत तो हसत घरी गेला, तेव्हा बंडप्पा तापानं फणफणत होता. मांडीची जखम चिघळली होती. तो वाचला, पण गुडघा लाकडागत ताठ झाला. जेवायलाही पाय पसरून बसावं लागे. मोट कायमची सुटली. "ह्यापरीस तोडला असता तर बरं," तो नीलम्मावर खेकसायचा.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं निजामाच्या हद्दीपलीकडं निघाली. बंडप्पा नीलम्मासोबत ताठ पाय ओढत बार्शीकडच्या छावणीत पोचला. तिथं लिंबाखाली उत्तरेश्वर बसलेला दिसला. बंडप्पाला बघून तो हसला नाही.

"टाके उसवले, अण्णा. वढ्यात गुडघा निसटला नि म्या पडलो. गोळ्या सुरू हुत्या. बापाला म्हणलं, तुमी जावा. त्यो माघारी आला. मला खांद्यावर घेत हुता, तवाच..." त्यानं मान खाली घातली. "पट्टी घेतली असती तर?"

"डाक्तरलाबी ठावं नव्हतं, लेका."

त्या उत्तरानं पोराचं समाधान झालं नाही. बंडप्पाचंही नाही.

निजामाचं राज्य गेलं, लोक घराकडं परतू लागले. उत्तरेश्वर उठेना. त्याची आई, तुळजाबाई, तुळजापूरला माहेरी होती आणि तिला अजून काही कळलं नव्हतं.

"म्या येतो संगं," बंडप्पा म्हणाला.

नीलम्मा आणि ते दोघं लंगडे थांबत थांबत तुळजापूरला पोचले. तुळजाबाईनं दार उघडलं. लेकाला बघून तिचा चेहरा फुलला. मग तिनं बंडप्पाकडं पाहिलं, नीलम्माकडं पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडं बघत विचारलं, "आन् हे कुठं राह्यले?"

बंडप्पानं भिंतीला हात टेकला आणि सांगायला सुरुवात केली.