साडूंची बुटकी गाडी

गाडीवर इतकं प्रेम करणारा आणि गाडीतून इतकं कमी फिरणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. पाणीपुरवठा खात्यात जन्म काढला, निवृत्त झाले, आणि त्या वयाची माणसं बागेत जमून टाळ्या वाजवत हसायला लागतात तेव्हा यांनी कुणाचीतरी वापरलेली, लालभडक, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार कळव्याच्या आपल्या सोसायटीत आणून उभी केली.

गाडी मुळातच बुटकी. साडूंनी स्प्रिंगा बदलून ती आणखी दोन इंच खाली बसवली. का, ते मला आजतागायत समजलेलं नाही. "रस्त्याला धरून राहते," ते म्हणाले. झालं असं, की प्रत्येक स्पीडब्रेकरही तिला धरून राहायला लागला. मग डिकीत दोन लाकडी फळ्या आल्या. स्पीडब्रेकर दिसला की साडू उतरणार, फळ्या मांडणार, गाडी पलीकडे नेणार, परत येऊन फळ्या उचलणार. मागचे रिक्षावाले त्या वेळी जे बोलत, ते घरात वाचण्यासारखं नाही. गाडीचे पुढचे दिवे झाकण उघडून वर येत, त्यातला डावा कधीकधी येतच नसे, त्यामुळे ती समोरच्याला डोळा मारल्यासारखी दिसे. सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंनी लेखी तक्रार केल्यावर साडूंनी दिवा दुरुस्त केला. तेव्हापासून हॉर्न दाबला की वायपर चालू होतात.

अशा दुरुस्त्यांना मदतनीस म्हणून ते मला डोंबिवलीहून बोलावून घेत. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. एका रविवारी ब्रेकमधली हवा काढायची होती. मी आत बसून पेडल दाबायचं आणि साडूंनी गाडीखालून ओरडायचं. एरवी मला "अहो साडूभाऊ" म्हणणारा हा माणूस गाडीखाली गेला की सगळा आदर बाहेर ठेवून जातो.

"दाब! धर! सोड म्हणेपर्यंत धर!"

मी धरलं. तेवढ्यात ताईंनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पिशवीत चहाचा थर्मास घालून दोरीने खाली सोडायला घेतला.

"अहो, धरताय ना? सोडू का?"

"अजून नको!" खालून आवाज आला. मी आणि ताई दोघंही थांबलो. मग साडू गरजले, "हं, सोड!"

ताईंनी दोरीच सोडली. थर्मास बॉनेटशेजारी आपटला, मी दचकून पेडल सोडलं, पुन्हा दाबलं, आणि ब्रेकचं तेल साडूंच्या चष्म्यावर उडालं. त्यांनी बाहेर येऊन आधी बॉनेट पाहिलं, मग मला, मग वर ताईंना. "नक्की कोणाला कोण काय म्हणालं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

ताई तेव्हा या गाडीतून हौसेने जात. पण मग त्यांचे गुडघे धरले. कल्याणला एका लग्नात गाडी हॉलच्या दारात थांबली आणि ताईंना उठताच येईना. पैठणी नेसलेल्या ताईंना साडू एका हाताने आणि मी दुसऱ्या हाताने ओढतोय, अंगावर अक्षता पडाव्यात अशी गर्दी जमलीय. ताई सगळ्यात जास्त हसल्या. बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि हलकेच म्हणाल्या, "आता मी काही यात बसायची नाही हं."

त्यानंतर एक विचित्र पद्धत पडली. कुठल्याही कार्याला साडू गाडीने येत आणि ताई रिक्षाने. फळ्यांच्या कृपेने ताई आधी पोचत.

गेल्या वर्षी साडूंचं डोकं फिरलं असं माझं मत झालं. ज्या गाडीला खाली बसवायला त्यांनी महिने घालवले, तिलाच त्यांनी वर उचलायला घेतलं. जुन्या उंच स्प्रिंगा शोधून आणल्या. डावी सीट लोखंडी पट्ट्यांवर चढवली. ऑफिसच्या खुर्चीची फिरती चकती सीटखाली बसवली, ती पहिल्या दिवशी फिरून मला मागच्या काचेकडे तोंड करून घेऊन गेली. ताईंची आणि माझी उंची सारखी, पण हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. ते मला बसवत, उठवत, टेप लावून मोजत.

"गुडघ्यात दुखतंय?"

"नाही."

"दुखतंय असं समजून उठा."

मी कण्हत उठलो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझी प्रकृती तपासतायत.

रविवारी सकाळी घोडबंदर रोडला त्यांच्यासारखे गाडीवेडे जमतात, पण सगळे त्यांची नातवंडं शोभावीत अशा वयाचे. तिथे मीही गेलेलो. उंच झालेली गाडी पाहून एकजण म्हणाला, "अंकल, ये क्या किया? पूरा लूक गेला ना!" बाकीचे हसले. साडूही हसले, कुणाला काही सांगितलं नाही, आणि चहा अर्धा टाकून निघाले.

येताना मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

त्यांनी समोरचा स्पीडब्रेकर फळ्यांशिवाय ओलांडला. मग म्हणाले, "वाटतं ना. छान दिसायची हो. पण कार्य आटपलं की आमची ही रिक्षा शोधत उभी असते आणि मी गाडीत बसून तिच्याकडे बघत असतो. हे काय बरं दिसतं?"

पुढच्या आठवड्यात शहाडला बारसं होतं. आमची ही आधीच तिकडे गेलेली. साडूंनी बोलावलं म्हणून मी स्कूटरवरून उलटा कळव्याला पोचलो तर ताई गाडीच्या दाराशी उभ्या. त्या पाठ करून सीटवर टेकल्या, साडूंनी चकती फिरवली, पाय अलगद आत आले. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं कशाला करायचं?" साडू म्हणाले, "पट्टा लाव."

शहाडच्या पुलापर्यंत मी त्यांच्या मागेच होतो. साडू तिसाच्या वर गेले नाहीत. ताई हात हलवून काहीतरी सांगत होत्या, रिक्षात एकटीने बसून इतके दिवस साठलेलं असावं, आणि हे आपले मान डोलावत होते. माझ्या जुन्या स्कूटरलासुद्धा त्यांच्या पुढे सहज जाता आलं असतं. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. मी मात्र पूल संपेपर्यंत त्याला वाट दिली नाही.