वाघदेवाचे उतार

आमची जमीन कुणी दांडगाईने घेतली नाही, कुणी फसवूनही घेतली नाही. ती माझ्या तोंडून गेली. लोक अजून समजूत घालतात, "तुझा काय दोष रे त्यात?" अरे, माझा नाही तर कुणाचा?

मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावर आमची खाली भाताची दोन खाचरं होती आणि वर डोंगराचे तीन उतार. पणजाने झुडपं तोडून ते मोकळे केले, आजाने दगड वेचून बांध घातले, बाने कुदळीवर राखले. उताराची माती पातळ. पहिल्या वर्षी नागली लावायची, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग सहा वर्षं तिथे कोयता न्यायचा नाही. एक उतार पिकायचा, दोन विसाव्याला. विसाव्याची वर्षं उतार वाघदेवाचा, त्याला "आपला" म्हणायचंसुद्धा नाही. मुदत भरली की वाघदेवाच्या दगडापुढे कोंबडी द्यायची, उतार मागून घ्यायचा, की झाला आपला. तीन पिढ्या हे असंच चाललं होतं.

मग संस्थानची मोजणी आली. मी तेव्हा चांगला बाप्या गडी, दोन पोरांचा बाप. जव्हारला एका घरी चार वर्षं पाणी भरलेलं, त्यामुळे शहरातली बोली माझ्या जिभेवर होती. पाड्यावर मीच काय तो शहाणा! बाला त्यांचं बोलणं नीट कळत नसे, म्हणून मला पुढे केलं.

साखळी ओढत मोजणीदार वर आला. वरईचा उतार आमच्या नावाने लिहिला. शेजारच्या उतारावर झाडोरा माजला होता. त्याने विचारलं, "हा कुणाचा रे?"

मी बाकडे बघितलं. बा हळूच म्हणाला, "वाघदेवाचा."

तेव्हा डोकं ठिकाणावर असतं तर मी म्हटलं असतं, साहेब, आमचाच, विसाव्याला सोडलाय. पण कसलं काय! मी बाचा शब्द जसाच्या तसा सांगितला.

"वाघाचा?" मोजणीदार हसला आणि कारकुनाला म्हणाला, "लिही, रान." सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, शहरातली माणसं माझ्यावर खूश झाली. तिसऱ्या उतारावर तोच प्रश्न, तेच उत्तर. कचेरीत रान म्हणजे दरबारचं, हे मला चार वर्षं पाणी भरून कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्या शेजारच्या उताराची मुदत भरली. आम्ही बापलेक कोंबडी घेऊन चढलो, तर जंगलचा शिपाई आडवा आला. "इथे कुदळ लावलीस तर हातात बेड्या पडतील," म्हणाला. मी मागे सरलो. बाला मात्र कळेना, हा माणूस वाघदेवाच्या आणि आपल्या मध्ये कशाला आलाय.

दुसऱ्याच दिवशी मी बाला जव्हारला कचेरीत नेलं. तिथला कारकून भला निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "'मोजणीच्या वेळी पोराला नीट सांगता आलं नाही, पण तेव्हाही जमीन माझीच होती', एवढं बाबा स्वतःच्या तोंडाने बोलू दे. मी अर्ज लिहितो. सुटेल."

एवढंच! मी बाला आमच्या बोलीत समजावलं. बा म्हणाला, "तवा माझी नव्हती. वाघदेवाची व्हती."

"बा, नुसतं म्हण. पोरांसाठी म्हण."

"नव्हती तर कशी म्हणू?"

मी पाय धरले. चिडलो, वाईटसाईट बोललो, बापाला वेडा म्हटलं. कारकून कलम हातात धरून थांबला होता. बाने मान हलवली ती हलवलीच. शेवटी कारकुनानेही हात टेकले. परत येताना बाला मागे टाकून मी झपाझप पुढे निघून आलो. आज लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा संताप आला होता.

उरला एक उतार. त्याची तीन वर्षं होऊन गेली होती, आता तोही सोडायची पाळी. सोडला तर खायचं काय? खाचरांचं भात थंडी सरेपर्यंतही पुरत नसे. मी चौथ्या वर्षी तिथेच नागली लावली. बा आला नाही. दारात बसून राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "त्याची पाळी हाय. चोरी हाय ती."

नागली वीतभर वाढली, कणसं नखाएवढी. तरी बायकोने दळली, भाकर केली, पहिली बाच्या पुढे ठेवली. बाने ती उचलून माझ्या धाकट्याच्या ताटात सरकवली. भात होतं तोवर बा भात जेवला. भात संपलं तेव्हा एकटा रानात जाऊन कंद उकरून आणायचा, उकडून खायचा. म्हाताऱ्या पोटाला ते सोसेना. बायको रडायची, मी ओरडायचो. भाकरीला त्याने शिवलं नाही. होळी झाली आणि बा गेला.

बारा दिवस झाले आणि मी कुदळ घेऊन त्याच उतारावर गेलो. पाचव्या वर्षी. दुसरी जमीनच नव्हती. त्या नागलीची भाकर पोरांनी खाल्ली, बायकोने खाल्ली. मीही खाल्ली.