नक्षीचा टाइप

पनवेलच्या बाजारपेठेतल्या आमच्या छापखानेवाल्यांकडे नक्षीच्या टाइपाचा, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांचा, एकच खण होता. त्या अक्षरांच्या शेपट्या वेलीसारख्या वळायच्या आणि मात्रा मोराच्या तुऱ्यासारख्या डुलायच्या. टाइप होता लग्नपत्रिकांसाठीच, पण तो प्रत्येक लग्नाला मिळेलच असं नव्हतं. मालक आधी गिऱ्हाइकाला चष्म्यावरून न्याहाळायचे आणि म्हणायचे, "बघू."

एकदा मिठागरावरचे एक काका मुलीची पत्रिका छापायला आले.

"आमाला ती नक्षीचीच अक्षरं पायजेत."

"जावई दारू पितो?"

"नाय."

"मग बसा."

माझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा बायकोचं नाव नक्षीत होतं आणि माझं लिलावाच्या नोटिशीसारखं सरळसोट. मी तक्रार केली.

"शेपट्या नाजूक असतात, मशीनखाली मोडतात," ते शांतपणे म्हणाले. "शिवाय मी तुम्हाला लहानपणापासून ओळखतो."

सासूबाईंनी ती पत्रिका काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावली.

पुढे मुलाच्या मुंजीची पत्रिकाही त्याच मालकांकडे टाकली. एव्हाना माझी तंबाखू सुटली होती, आवाजही खाली आला होता, आणि हे त्यांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था मी केली होती. पत्रिका हातात आली. मुलाचं नाव अख्खं नक्षीत. खाली निमंत्रक म्हणून माझं नाव तसंच सरळसोट, पण पहिल्या अक्षराला शेपटी होती.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सुधारणा आहे," ते म्हणाले. "बाकीचं बघू."