दहा गोष्टी बोलायच्या नाहीत

बुसानच्या विमानतळावर, सामान देण्याच्या रांगेत, सुनेनं नवऱ्याबरोबर बसून लिहिलेला एक कागद सासूच्या हातात ठेवला. "आई, मोठ्यानं वाचा हं. मी व्हिडिओ घेते."

कागदावर दहा गोष्टी होत्या. 'अजून किती लांब आहे' असं विचारायचं नाही. जेवण बेचव आहे म्हणायचं नाही. घरच्या किमचीची, त्या आंबवलेल्या तिखट कोबीची, आठवण काढायची नाही. 'इथलं पाणीच काय ते चवदार' असला टोमणा मारायचा नाही. पाय दुखतात म्हणायचं नाही. म्हाताऱ्या आईबापांना परदेशात न्यायचं तर आधी असा कागद वाचून घ्यायचा, ही आमच्या कोरियातली नवी टूम. सगळे हसतात. सासू, ओक्बून, तीही हसली आणि हात वर करून "कबूल" म्हणाली.

बाई समुद्रकाठच्या तोंगयोंगची. चाळीस वर्षं तिनं सुरीनं कालवांचे शिंपले फोडले. पहाटे शेडमध्ये जाऊन उभं राहायचं ते समोरचा ढीग संपेपर्यंत. नवरा लवकर गेला, लेकाला, सांगह्योकला, तिनं त्या सुरीच्या जोरावर शिकवलं. अशा बाईला पाय दुखतात म्हणायची बंदी! आणि घालायची कुणी, तर ज्याच्यासाठी ते पाय झिजले त्यानं. हसण्यावारी नेलं म्हणून काय झालं, बंदी ती बंदीच.

सत्तरी झाली म्हणून व्हिएतनामची, दानांगची ही सहल. दुसऱ्याच दिवशी डोंगरातल्या देवळाच्या पायऱ्या उतरताना ती घसरली आणि पायाचा अंगठा दगडावर आपटला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. किंकाळी अगदी ओठांवर आली होती, तेवढ्यात तिला तो कागद आठवला. पोरांनी सुट्टी काढलीय, हौसेनं आणलंय, आपण कशाला विरजण घाला? खोलीवर गेल्यावर तिनं एका मोज्यावर दुसरा मोजा चढवला आणि ब्र काढला नाही.

तशीच ती तीन दिवस चालली. पूल पाहिला, बाजार पाहिला, टोपलीसारख्या गोल होडीत बसली. सारखी मागं पडायची. "आईचं वय झालं गं आता," सांगह्योक बायकोला म्हणाला, तेही तिनं ऐकलं. वय झालं म्हणे! परवापरवापर्यंत कालवांनी भरलेली टोपली एकटी उचलत होती ती.

शेवटच्या दिवशी विमान रात्री उशिरा होतं आणि हॉटेलची खोली दुपारी बारालाच सोडावी लागली. म्हणजे अख्खा दिवस उन्हात काढायचा. सांगह्योकच्या मोबाइलात अजून तीन ठिकाणं बाकी होती. पहिलंच ठिकाण टेकडीवरचं देऊळ, आणि वर जायला पुन्हा पायऱ्या.

"आई, लवकर या ना, फोटो काढू!" सून, युनजू, वरून ओरडली.

ओक्बून कठड्याला धरून अकरा पायऱ्या चढली. बाराव्या पायरीवर थांबली. युनजू फोन घेऊन खाली आली, फोटो काढला, बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, जरा हसा की. सगळ्या फोटोंत चेहरा पाडलाय तुम्ही."

"खरंच, आई," सांगह्योकचा आवाज चढला. "पाच दिवस बघतोय. तोंडातून शब्द नाही. आवडत नसेल तर तसं सांग. कुणासाठी करतोय आम्ही हे सगळं?"

झालं. ओक्बूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथंच पायरीवर बसली.

"सांगू? मग ऐक. जेवण बेचव आहे. जिथं तिथं मेली ती कोथिंबीर, आपल्याकडं कुणी खात नाही ती, साबण चघळल्यासारखं वाटतं. पाणी तेवढं बरं आहे इथलं. घरची किमची हवी मला. आणि अजून किती लांब आहे रे तुझं ते देऊळ? लांब असो नाहीतर जवळ, मी एक पायरी चढायची नाही!"

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. लोक तरी बघतायत!"

तिनं बूट काढला. एक मोजा काढला, दुसरा काढला. अंगठा काळानिळा पडून फुगला होता आणि नख उचकटून मोज्याला चिकटलं होतं. युनजूनं फोन खाली घेतला.

सांगह्योक गुडघ्यांवर बसला. "हे कधी लागलं? आई, अगं, बोलायचं नाही का?"

"बोलायची मला बंदी होती," ओक्बून म्हणाली. "विचारायची तुला कुठं होती?"

सांगह्योक वळला आणि तिला पाठुंगळी घ्यायला पाठ करून वाकला. ती लगेच बसली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरेपर्यंत तिनं त्याला तसंच वाकून बसू दिलं.