गरम फरशीवरचं कपाट

"साहेब, कपाटाखालून वास येतोय," कोंडिबा म्हणाला. "हात न्हाई सोसत तिथं."

मी चिंचवडला विजेच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कोंडिबा दिघीचा, जुना कामगार. उगाच घाबरणारा नव्हे.

मोटरची तांब्याची तार जिथे गुंडाळतात, त्या वाइंडिंगच्या खोलीत दमट हवा चालत नाही. म्हणून तिथे फरशीखाली हीटिंग केबल टाकली होती. फरशी कोमट राहते, उष्णता वर निघून जाते. पण वर सपाट बुडाचं काही ठेवलं की ती कोंडते. थर्मोस्टॅटला पत्ताही लागत नाही; तो भिंतीपाशी मोकळ्या फरशीचं तापमान बघत असतो.

आणि त्या कपाटात वार्निश पातळ करायच्या थिनरचे डबे होते. आदल्या दिवशी मला विचारून ते सपाट बुडाचं लोखंडी कपाट त्या फरशीवर हलवलं होतं. मी न बघताच "ठेवा" म्हणालो होतो.

खोलीत शिरलो तर डोळे चुरचुरले. आठ माणसं कामाला बसलेली. एकाने हीटिंग बंद करायला बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. थिनरची वाफ साठली असेल, तर बटणाची ठिणगी पुरते. "खिडक्या उघडा आणि सगळे बाहेर!"

बाहेरच्या पॅनेलवरून अख्ख्या खोलीची लाइन तोडली. मॅनेजर तावातावाने आले.

"लाइन का पाडली? आज डिस्पॅच आहे."

"आत थिनर तापलंय, साहेब."

"मग कपाट ओढा बाजूला."

"लोखंड फरशीवर घासलं तरी ठिणगी पडेल."

ते दोन पावलं मागे सरले.

वास ओसरेपर्यंत थांबलो. मग कोंडिबा आणि मी आत गेलो. कपाट मी हळूच उघडलं. डब्यांची झाकणं फुगली होती.

"सावकाश, साहेब. घाई न्हाई."

एकेक डबा फडक्यात धरून बाहेर नेला. रिकामं कपाट चौघांनी उचललं. खाली फरशी काळवंडून तडकली होती. फोडून पाहिलं, तर केबलचं आवरण करपलेलं.

"कुणी ठेवायला सांगितलं?" मॅनेजरांनी विचारलं.

कोंडिबा हातातल्या फडक्याची घडी घालू लागला.

"मी," मी म्हणालो.

मला ताकिदीचा मेमो मिळाला. थिनर बाहेरच्या शेडमध्ये गेलं. गरम फरशीवर बिनपायाची वस्तू ठेवायची नाही, खाली हवा खेळली पाहिजे, असा नियम लागला. नियम साधा आहे. मला तो आधीपासून ठाऊक होता. ठाऊक असणं आणि उठून जाऊन बघणं, यांच्यामध्ये त्या दिवशी आठ माणसं बसली होती.