नेलपॉलिशची खूण

माणसाने किती बोलावं, किती खावं आणि लेक कुठल्या घरी द्यावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सबवूफरच्या पाठीवर छापलेली असतात असं मानणारा माणूस अख्ख्या रायगडात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. चौक गावी जुन्या हायवेला लागून भावोजींचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. स्पीकरवर दोन आकडे असतात. आरएमएस, म्हणजे तो तासन्‌तास झेलू शकेल ती पॉवर, आणि पीक, म्हणजे क्षणभराची. भावोजींचा विश्वास फक्त पहिल्यावर. लेकीला बघायला कशेळ्याची मंडळी आली, तेव्हा मुलाच्या काकांनी त्याच्या गुणांचा पाढा वाचला. भावोजी शांतपणे म्हणाले, "ही झाली पीक पॉवर. रोजचा कसा हाय, ते सांगा." ताईने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र हसला आणि म्हणाला, रोज पहाटे म्हशींची धार मीच काढतो. लग्न तिथेच ठरलं.

एकदा कुंभिवलीचा एक गृहस्थ जळका बेस, म्हणजे सबवूफर, घेऊन आला. त्याला पॉवर देणारा अँप्लिफायर, म्हणजे अँप, तर मुद्दाम छोटाच लावला होता, मग बेस जळला कसा, ही त्याची तक्रार. "छोटा व्हता म्हणूनच," भावोजी म्हणाले. "त्याचा दम संपला तरी तू बटन पिळत ऱ्हायलास. आवाज फाटला का कॉइल तापते रं." अँप स्पीकरच्या आरएमएसएवढा किंवा थोडा वरचढ घ्यावा आणि आवाज फाटायच्या आत थांबावं, हे ते गिऱ्हाइकाला चहाबरोबर पाजतात. स्पीकरचे ओम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, न बघता एकाच अँपला चार बॉक्स जोडणाऱ्याला तर चहाही मिळत नाही.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात बेस दांडगा, अँप मात्र जुना, बारका! तो बदलायचं नाव काढलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. आवाज फाटतो त्याच्या अलीकडे त्यांनी बटणाशी लेकीच्या लाल नेलपॉलिशने खूण केली होती. गणपती असोत की बारसं, त्या खुणेपुढे कुणाचा हात जायचा नाही.

लेकीच्या हळदीला सगळी आळी अंगणात नाचत होती. पिवळ्याधमक हातांनी ती अँपपाशी आली आणि म्हणाली, "पप्पा, आजच्या दिवस थोडा वाढवा ना." भावोजींनी बटणावर बोटं ठेवली. मला वाटलं, आता फिरवणार.

"नाय गं. फाटंल."

ती परत गेली, पण त्यानंतर फारशी नाचली नाही. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. मला भावोजींचा खरंच राग आला होता.

परवा गेलो, तर जुना अँप दिसेना. त्याच्या जागी बेसच्या तोडीचा, चांगला ताकदवान अँप होता. भावोजी नजर चुकवत म्हणाले, "दुनियेला बरोबर अँप जोडून दिले आन् घरात बारका ठेवला. पोरीनं येकदाच मागितलं व्हतं."

बटणाशी खूण होती, पहिल्यापेक्षा बरीच पुढे, त्याच लाल रंगाची. ती बाटली लेक माहेरीच विसरून गेली होती. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला. तिथपर्यंत पहिल्यांदा तीच फिरवणार, म्हणाले. ती दिवाळीला यायची आहे. तोवर भावोजी रोज सकाळी अँपवरची धूळ पुसतात, खुणेला फडकं लागू न देता.